दोन मिनिटं

शेवटची फेरी, चौथा पट, दोघांचंही रेटिंग दोन हजारांच्या वर. ओपनिंग सांगत बसत नाही. ७१ व्या चालीनंतर त्याच्याकडे हत्ती आणि उंट, माझ्याकडे नुसता हत्ती, आणि दोघांचे राजे. नीट खेळलं तर ही बहुतेक वेळा बरोबरीच. पण फिलिदोरने १७४९ मध्येच यातली एक जिंकणारी स्थिती दाखवून ठेवलीय, आणि दमलेला माणूस नेमका तिथेच जाऊन पडतो. मी कॉक्रेनचा बचाव धरला, म्हणजे त्याचा उंट त्याच्याच राजापुढे पिन करून ठेवायचा. (हा कॉक्रेन कलकत्त्यात वकिली करायचा आणि महेशचंद्र बॅनर्जींशी डाव मांडायचा, हे फार थोड्यांना ठाऊक असतं.)

पन्नास चालींत प्यादं हललं नाही, काही मारलं गेलं नाही, की बरोबरी मागता येते. ११५ व्या चालीनंतर मी घड्याळ थांबवून पंचांना बोलावलं. त्यांनी स्कोअरशीट तपासली. चव्वेचाळीसच भरल्या. मी त्याचं शेवटचं प्यादं पडलं तिथून, ६५ पासून, मोजलं होतं. माझं प्यादं त्याने ७१ व्या चालीला मारलं, हे डोक्यातून निसटलं होतं.

दावा चुकला की समोरच्याला दोन मिनिटं जादा. नियम आहे, मान्य. पण गेला तासभर दोघंही चालीमागे मिळणाऱ्या तीस सेकंदांवर जगत होतो. त्यात त्याला दोन मिनिटं म्हणजे दुष्काळात विहीर. शिवाय असा दावा हा बरोबरीचा प्रस्तावही असतो. 'चालेल' एवढंच म्हणायचं होतं. त्याने वर न बघता मान हलवली. ती मान मला अजून दिसते. मग ती दोन मिनिटं त्याने एकाच चालीवर घालवली, आणि मी माझे तीस सेकंद मुठीत धरून बसलो.

पुढच्या सहा चालींत पिन सुटली, माझा राजा कडेला रेटला गेला. १२१ ला पुन्हा दावा केला. या वेळी पन्नास भरल्या.

नव्या मुलांना सांगतो, दावा करण्याआधी शेवटची मारामारी स्कोअरशीटवर बोट ठेवून शोधा. आणि खरं सांगायचं तर, त्याच्या जागी मीही नकारच दिला असता.

घरी डाव संगणकावर टाकला. ११८ व्या चालीला मी चुकलो होतो; तिथून त्याची जीत होती, अकरा चालींत. त्याच्याजवळ तीनच उरल्या होत्या.