अम्मा को लाइट में दिखा

आदिलाबादच्या साडीच्या दुकानात साठी ओलांडलेल्या बाईला कुणी रंग विचारत नाही. तिला नुसतं बघून मालक गादीवरूनच पोऱ्याला सांगतो, "अम्मा को लाइट में दिखा." पोऱ्या वरच्या फळीवरून गठ्ठा ओढतो. बिस्किट, बदामी, पिस्ता, आणि राखेत दूध सांडल्यासारखा एक जांभळा. आपण मराठीत कुरकुरायचं, त्याने तेलुगूत "बागुंदि अम्मा" म्हणायचं आणि भावाची घासाघीस हिंदीत करायची, ही आमच्या गावची रीत. तिन्ही भाषांत निष्कर्ष एकच निघतो: या वयाला फिकटच शोभतं.

मला या "शोभतं"चा राग कधीपासून यायला लागला ते नक्की सांगता येणार नाही. पण फिकट रंग माझ्या कपाटात शिरले कसे, ते मात्र चांगलं आठवतं. बेला मंडलात मराठी माध्यमाच्या शाळेत मी नोकरीभर शिकवलं. फळ्यावर लिहिणाऱ्या बाईच्या अंगावर दिवसभर खडूची पूड पडते. गर्द निळ्या साडीवर ती मधल्या सुटीपर्यंत ठळक दिसू लागते. मोतिया साडीवर चार वाजेपर्यंत कळत नाही. म्हणून शिक्षिका फिकट नेसतात. बाकी गाव त्याला "सोबर" म्हणतं.

माझी आजी किनवटची. किनवट 1956 पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यातच होतं, भाषावार राज्यं झाली तेव्हा ते नांदेडकडे गेलं. आमच्या घरातल्या बायका मात्र लग्न होऊन पैनगंगेच्या अलीकडे-पलीकडे जात-येत राहिल्या. आजीने शेवटपर्यंत गर्द हिरवं नाहीतर कुसुंबी लुगडं नेसलं. सणाला इरकली, लाल-पांढऱ्या टोपपदराचं. काळ्या मातीत कापूस वेचणारी बाई बदामी नेसून करील काय? मळखाऊ रंग हवा, एवढाच तिचा हिशेब. तरी सत्तरीत पांढऱ्या केसांची, रापलेल्या चेहऱ्याची ती बाई त्या हिरव्यात अशी खुलून दिसायची की लग्नघरात लोक तिच्याकडे आधी बघायचे, करवलीकडे नंतर. म्हातारीने फिकट नेसावं हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. ते पगारदार घरांतून आलेलं असावं, असा माझा पक्का संशय आहे.

माझे यजमान गेल्यानंतर कपाट फिकट करायचं बाकीचं काम नातेवाइकांनी केलं. दिवसकार्याला माहेरून साडी आली ती मोतिया. नणंदेने आणली ती बिस्किट. पुढच्या दिवाळीला लेकाने आणली तीही दुकानदाराने "अम्मा के लिए" म्हणून बांधून दिलेली. कुणाच्याही मनात वाईट नव्हतं. मे 2022 मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने नवरा गेलेल्या बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत असा ठराव केला, आणि त्याच महिन्यात महाराष्ट्र सरकारने इतर गावांनाही तो कित्ता गिरवायला सांगितलं. बातमी वाचून मी मनापासून टाळी वाजवली. पण साडीच्या रंगाबद्दल ठराव तरी काय करणार? रंग कुणी हिसकावून घेत नाही. एकेक सण, एकेक आहेर, असं करत कपाट आपोआप पांढरट होत जातं.

बरं, पांढऱ्याचाही अर्थ सगळीकडे एकच नाही. इंद्रवेल्लीजवळ केसलापूरला पौष अमावास्येला नागोबाची जत्रा भरते. मेस्राम कुळातले गोंड लोक गोदावरीचं पाणी पायी चालत आणतात, देवाला अभिषेक होतो, आणि मग कुळात नव्याने आलेल्या सुनांना नागोबापुढे आणतात. या विधीला ते "भेटिंग" म्हणतात. त्या नव्या सुना नखशिखांत पांढऱ्या साडीत, डोक्यावरून पदर ओढलेला. माझ्यासारख्या घरात वाढलेल्या बाईला ते पहिल्यांदा बघताना चर्र होतं. शेजारी उभ्या असलेल्या एका गोंड आजीने, स्वतः लालभडक साडीत, मला विचारलं, "काय बघताय टीचरम्मा?" काय सांगणार तिला!

खरा उलगडा मोतीबिंदूने केला. माझ्या दोन्ही डोळ्यांत होता. आधी उजव्याची शस्त्रक्रिया झाली, डाव्याची काही आठवड्यांनी करायची ठरली. हा मधला काळ मोठा मजेचा असतो. पट्टी निघाल्यावर उशीचा पांढरा अभ्रा मी उजव्या डोळ्याने बघितला तर निळसर झाक असलेला पांढराशुभ्र. उजवा मिटून डाव्याने बघितला तर तोच अभ्रा चहात बुडवून काढलेला. मी लहान मुलासारखी एक डोळा मिट, दुसरा मिट करत बसले. डॉक्टरांनी समजावलं की वयाबरोबर डोळ्यातलं भिंग पिवळट होत जातं आणि निळा प्रकाश अडवतं. बदल इतका सावकाश होतो की माणसाला पत्ता लागत नाही. फ्रेंच चित्रकार क्लोद मोने याचंही हेच झालं होतं. 1912 मध्ये त्याच्या मोतीबिंदूचं निदान झालं, 1923 मध्ये एका डोळ्याची शस्त्रक्रिया झाली. आधीची चित्रं तांबूस-पिवळट होत गेलेली, आणि नंतर त्याची तक्रार की सगळंच निळं दिसतंय.

घरी आल्यावर मी कपाट उघडलं. काळी म्हणून ठेवलेली सिल्कची साडी गर्द मोरपंखी होती. दोन साड्या मी एकाच रंगाच्या समजत होते, त्यातली एक करडी निघाली आणि एक चक्क फिकी जांभळी. जी बदामी मला उबदार आणि भारदस्त वाटायची ती आरशात माझ्या गळ्याखाली धरली, तर भिंतीला मारलेल्या स्वस्त डिस्टेंपरइतकीच तिला जान. मनात आलं, आपल्याकडच्या सगळ्या आज्यांनी रंग निवडले असतील ते कसल्या डोळ्यांनी! दिव्याखाली, पिवळट भिंगातून, आणि शेजारी मत द्यायला तशाच डोळ्यांची बहीण.

पुण्याच्या भाचीला हे फोनवर सांगितलं तर तिने लगेच व्हिडिओ पाठवले. त्यांतली रीत अशी: माणसं वसंत, उन्हाळा, शरद, हिवाळा अशा चार ऋतूंत वाटायची आणि ज्याच्या त्याच्या ऋतूप्रमाणे रंग द्यायचे. 1980 साली अमेरिकेत कॅरोल जॅक्सन या बाईंच्या 'कलर मी ब्युटिफुल' या पुस्तकाने हे खूळ घरोघरी नेलं. त्या व्हिडिओंत सोनेरी केस, तांबूस केस, निळे डोळे यांचा इतका विचार होता की माझ्या गव्हाळ-सावळ्या कातडीला आणि पांढऱ्या केसांना कुठल्या खोलीत बसवायचं ते मला ठरवता येईना. पण त्यातली एक गोष्ट घेण्यासारखी होती: कापड हनुवटीखाली धरायचं आणि कापडाकडे नाही, चेहऱ्याकडे बघायचं.

त्यासाठी साड्या कशाला उघडायच्या? मी मॅचिंग सेंटरमध्ये गेले. तिथे टू-बाय-टूचे ब्लाउजपीस छटेछटेने भिंतभर लावलेले असतात. आपण नमुन्याला साडी नेतो आणि पोरगा डोळे मिटून बरोबर छटा काढतो. मी साडी न नेता गेले याचंच त्याला नवल वाटलं. बिस्किट, लिंबू, पांढरा, काळा, गुलबक्षी, वांगी, बाटली हिरवा, मोरपंखी, विटकरी, राखाडी असे तुकडे घेतले. सून तेलुगू, निर्मलची. ती मला "अत्तय्या" म्हणते आणि तिला असल्या उद्योगांची माझ्याहून हौस. डिसेंबरची सकाळ होती. आदिलाबादची थंडी तेलंगणात नावाजलेली, तेव्हा मी अंगणात स्वेटरवर पंचा गुंडाळून खुर्चीत बसले, म्हणजे स्वेटरचा रंग मध्ये यायला नको. ऊन थेट तोंडावर न घेता सावलीत, आकाशाच्या उजेडात. सून एकेक तुकडा गळ्याशी धरत होती, दुसऱ्या हातात आरसा.

बिस्किट धरलं आणि माझ्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं खाली उतरली. लिंबू रंगाने हनुवटीखाली पिवळी झाक टाकली, कावीळ झाल्यासारखी. यात जादू काही नाही. कापडावर पडलेला उजेड उसळून चेहऱ्याच्या खालच्या भागावर जातो आणि तिथेच नेमक्या आपल्या सुरकुत्या असतात. पांढऱ्याशुभ्र तुकड्याने वेगळाच घोटाळा केला. त्याच्यापुढे माझे केस मळकट दिसायला लागले. काळ्याने गळ्यावरच्या घड्या ठळक केल्या. राखाडीबद्दल सूनबाई काही बोलली नाही, फक्त तो तुकडा पटकन बाजूला ठेवला. मग गुलबक्षी धरला तर ती म्हणाली, "अत्तय्या, झोप चांगली झाली का?" तोवर मी खुर्चीवरून हललेही नव्हते. वांग्याच्या रंगाने केस एकदम चांदीचे झाले. बाटली हिरवा तर थेट आजीच्या घरातला. विटकरी तेवढा चालून गेला, वाईट नाही, चांगलाही नाही.

यामागचं कारण मला असं वाटतं. काळे केस असताना चेहऱ्याला चौकट आयतीच असते. मी केस रंगवत होते तोवर फिकट रंगही निभावून जायचे, कारण गडद कड केसांची होती. डाय सोडला, केस पिकू दिले, भुवया विरळ झाल्या, ओठांचा रंग उतरला. आता चौकट कापडाने द्यायची. नेमक्या याच वेळी जग आपल्याला फिकट नेसवायला बघतं! सावळ्या बाईने गर्द नेसू नये हा जो दुसरा एक शहाणपणा लहानपणापासून ऐकवतात, तोही त्या सकाळी अंगणात निकालात निघाला. सावळ्या चेहऱ्यावर पांढरे केस आणि खाली गर्द रंग, यासारखं देखणं मला तरी दुसरं माहीत नाही.

मग कपाटभर बिस्किटांचं काय? ती टाकली नाहीत. सहावारीत गळ्याशी सगळ्यात जवळ ब्लाउज असतो, पदर एका खांद्यावर. म्हणून मी साड्या तशाच ठेवून ब्लाउज बदलले. बदामीवर वांगी, मोतियावर बाटली हिरवा, फिक्या जांभळीवर गुलबक्षी. शिंपी म्हणाला, "मॅडम, मॅचिंग नाही होत." मी म्हटलं, तुझं मॅचिंग साडीशी, माझं तोंडाशी. साडी घ्यायचीच झाली तर विरुद्ध रंगाच्या काठाची घेते. गद्वालचे काठ वेगळ्या बाण्याने अंगाशी गुंतवत विणतात, त्यामुळे अंग एका रंगाचं आणि काठ पार दुसऱ्याच रंगाचा असा स्वच्छ भेद मिळतो. नारायणपेठी तर आपल्या मराठी घरांतून पिढ्यान्‌पिढ्या आहे. दुकानात ट्यूबलाइटखाली मी आता निर्णय घेत नाही. पदर घेऊन उंबऱ्यापर्यंत जाते. मालकाला वाटतं म्हातारी पळून चालली.

आमच्या गल्लीतल्या बायकांना हे सगळं करावंच लागलं नव्हतं. तेलंगण सरकारने 2017 पासून बतुकम्माच्या साड्या वाटायला सुरुवात केली, सिरसिल्लाच्या मागांवर विणलेल्या, पांढऱ्या रेशनकार्डावरच्या अठरा वर्षांपुढच्या बायकांना. मला पेन्शन, त्यामुळे मला मिळायच्या नाहीत. माझ्याकडे कामाला येणारी लक्ष्मी नि तिची सासू एकाच ढिगातून साडी घेऊन यायच्या. त्या साड्यांच्या कापडाला लोकांनी पुष्कळ नावं ठेवली, त्यात तथ्यही असेल. पण अठराला एक रंग नि सत्तरला दुसरा, असं त्या रांगेत कुणी म्हटलं नाही. लक्ष्मीच्या सासूने एकदा पोपटी-राणी अशी उचलली होती. तरवडाच्या पिवळ्या फुलांच्या बतुकम्माभोवती ती टाळ्या देत फिरत होती आणि सगळ्या वर्तुळात तीच आधी नजरेत भरत होती.

मागच्या लग्नसराईत यवतमाळकडे पुतणीचं लग्न होतं. मी वांगी रंगाची, मोहरी काठाची गद्वाल नेसून गेले, कपाळावर बारीक टिकली. नणंद म्हणाली, "वहिनी, जरा भडक नाही का वाटत?" मी म्हटलं, "वन्सं, साडी भडक आहे, मी नाही." त्या रुसल्या. जेवणं झाल्यावर मात्र हात धुताना आरशात स्वतःच्या बदामी पदराकडे बघत त्यांनी विचारलं, हे ब्लाउजपीस कुठे मिळतात. पुढच्या वेळी येताना मी त्यांना गुलबक्षी नेणार आहे. रंग त्या माझ्याहून उजळ, बहुधा मोरपंखीही चालेल, पण उजेडात धरून बघितल्याशिवाय सांगता येत नाही.

नवरात्रात मात्र माझी नेहमी पंचाईत होते. इकडे नऊ दिवस बतुकम्मा, तिकडे महाराष्ट्रातल्या भाच्या-पुतण्यांचा ग्रुप, त्यात आजचा रंग अमुक म्हणून सकाळीच फर्मान येतं आणि सगळ्यांनी तसा फोटो टाकायचा. पिवळ्याच्या दिवशी मी हळदी साडीवर हिरवा ब्लाउज घालून निभावते. केशरीला काठ असतो. राखाडीचा दिवस आला की मी सरळ गुलबक्षी नेसून फोटो पाठवते. गेल्या वर्षी धाकट्या भाचीने खाली लिहिलं, "मावशी, आज करडा आहे." मी उत्तर दिलं, "केस बघ की."