आसना ते पैनगंगा : एका सामान्य पूर्वजाचा माग

नांदेड शहर मागे टाकून उत्तरेकडे निघालेला रस्ता आसना नदीच्या पुलावरून पुढे गेला की दोन्ही बाजूंना केळीच्या बागा सुरू होतात आणि अर्ध्या तासात अर्धापूर येते. पूर्वी नांदेड तालुक्यात मोडणारे आणि आता स्वतः तालुक्याचे ठिकाण असलेले हे गाव उत्तर भारताच्या बाजारपेठांत केळीसाठी ओळखले जाते. परंतु या शिवारात तीन-चार पिढ्यांपूर्वी राबून गेलेल्या एखाद्या सामान्य माणसाचे आयुष्य शोधण्यासाठी जो येथे येतो, त्याला आधी या हिरवाईकडे पाठ फिरवावी लागते, कारण पूर्णा प्रकल्प आणि ऊर्ध्व पैनगंगा प्रकल्प यांच्या कालव्यांचे पाणी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आले आणि त्याआधीचा येथील बहुसंख्य शेतकरी पावसावर ज्वारी, तूर आणि गावरानी कापूस पिकवणारा होता. बागायत होती ती विहिरीवर मोट चालेल तेवढीच.

या प्रदेशाचा लिखित इतिहास फार जुना आहे. वाकाटक राजा दुसरा विंध्यशक्ती याच्या वाशीम येथे सापडलेल्या, चौथ्या शतकातील ताम्रपटात नांदिकड या प्रदेशाचा उल्लेख येतो आणि अभ्यासक त्याची सांगड नांदेडशी घालतात. खुद्द अर्धापूरचे नाव रट्ट घराण्यातील बल्लाळ राजाच्या, बाराव्या शतकाच्या अखेरच्या शिलालेखामुळे अभ्यासकांना परिचित आहे, आणि गावातील केशवराजाचे मंदिर त्या जुन्या वैभवाची आठवण आजही देते. केशव हे विष्णूच्या चोवीस रूपांपैकी पहिले रूप होय, आणि हातांतील पद्म, शंख, चक्र व गदा यांच्या क्रमावरून ते इतर तेवीस रूपांपासून वेगळे ओळखता येते. मूर्तिशास्त्राने देवाच्या रूपांची ओळख इतक्या काटेकोरपणे जपली असली, तरी ज्यांच्या धान्यावर अशी मंदिरे उभी राहिली त्यांची नावे मात्र कोणी कोरली नाहीत. वाशीमच्या ताम्रपटात दान घेणाऱ्या ब्राह्मणांची नावे गोत्रांसह नोंदली आहेत. दान दिलेल्या गावात नांगर धरणारे कोण होते, हे सांगण्याची गरज त्या राजाज्ञेला वाटली नाही. सामान्य पूर्वजाच्या शोधातील मूळ अडचण येथेच दिसते: लिहून ठेवणाऱ्याला जे हवे होते तेवढेच उरले, आणि सामान्य माणूस हवासा वाटला तो प्रामुख्याने साऱ्यासाठी.

म्हणूनच हा शोध मंदिरापासून निघून तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षापाशी, म्हणजे जुनी दप्तरे ठेवण्याच्या खोलीपाशी, पोहोचतो. अर्धापूर 1948 पर्यंत हैदराबाद संस्थानात होते. दिवाण सालारजंग यांनी 1865 मध्ये जिल्हाबंदी करून, म्हणजे संस्थानाची जिल्ह्यांत व तालुक्यांत फेररचना करून, वसुलीची घडी बसवली. त्यानंतर मोजणी व आकारणीचे, म्हणजेच बंदोबस्ताचे, काम झाले आणि प्रथमच प्रत्येक शेताला सर्व्हे नंबर व प्रत्येक नंबराला खातेदाराचे नाव मिळाले. मात्र सगळी गावे एका हाताखाली नव्हती. सरकारी वसुलीची गावे दिवाणी, निजामाच्या खासगी उत्पन्नाची सर्फेखास, आणि सरदारांना तोडून दिलेली जहागिरीची. जहागिरी 1949 मध्ये रद्द होईपर्यंत तिसऱ्या प्रकारच्या गावांचे बरेच दप्तर जहागीरदारांच्या कचेऱ्यांत राहिले. त्यामुळे पूर्वजाचे गाव यांपैकी कोणत्या प्रकारचे होते, हे ठरवल्याशिवाय त्याचा कागद कोठे शोधायचा हेही ठरत नाही.

तो कागद हाती आला तरी लगेच बोलत नाही. सालारजंगांच्या काळातील फारसी आणि त्यानंतरची उर्दू ही संस्थानची राजभाषा असल्यामुळे नोंदी बहुधा शिकस्ता वळणात, म्हणजे अक्षरे मोडून एकमेकांत गुंतवणाऱ्या धावत्या उर्दू लिपीत आहेत, तर गावपातळीवरच्या पाटील-पटवाऱ्यांच्या लिखाणात मोडीही भेटते. वर्षे फसली सनात दिलेली असतात. हैदराबादच्या फसली सनात 590 मिळवले की साधारण इसवी सन निघतो, आणि आजूर, दै, बहमन अशी त्याच्या महिन्यांची नावे इराणी पंचांगातून आलेली आहेत. सेतवार या पत्रकात सर्व्हे नंबर, क्षेत्र, आकार आणि खातेदार सापडतो. जमीन खुश्की म्हणजे कोरडवाहू, तरी म्हणजे भातासारख्या पिकाची ओली, की बागायत, हे कळते. पट्टेदार कोण आणि त्याच्याबरोबर हिस्सा असलेला शिकमीदार कोण, हेही कळते. पाहणी पत्रकात वर्षाचे पीक आणि प्रत्यक्ष कसणारा माणूस यांची नोंद होते. संस्थान विलीन झाल्यानंतर तयार झालेले 1954-55 चे खासरा पत्रक हे मराठवाड्यातील जमिनीच्या हक्कांसाठी आजही पायाभूत मानले जाते, आणि पुष्कळ कुटुंबांच्या बाबतीत आजच्या सातबारावरून मागे जाणारी वाट याच पत्रकातून निजामकाळात शिरते.

अशा दोन-चार पत्रकांतून एक आयुष्य उभे करता येते, मात्र त्यासाठी कागदाबाहेरचा इतिहास जवळ ठेवावा लागतो. फसली 1290 च्या सुमारास, म्हणजे 1880-81 मध्ये, या शिवारात जन्मलेला शेतकरी विशीत असताना 1899-1900 चा मोठा दुष्काळ पडला. त्याच सुमारास मनमाडकडे जाणारी रेल्वे नांदेडवरून धावू लागली आणि शेतातला कापूस दूरच्या बाजाराला जोडला गेला. तो तिशीत असताना 1911 मध्ये मीर महबूब अली खान यांच्या जागी मीर उस्मान अली खान गादीवर आले, आणि 1918 मध्ये इन्फ्लूएन्झाच्या साथीने देशभर घरेच्या घरे रिकामी केली. पाहणी पत्रकात ज्वारीच्या जागी कापूस दिसू लागतो तेव्हा त्यामागे रेल्वे असू शकते. एका वर्षी खातेदाराचे नाव बदलून अल्पवयीन मुलाचे नाव लागते तेव्हा त्यामागे साथ असू शकते. त्याच्या मुलाच्या पिढीतले काही जण नांदेडच्या उस्मानशाही गिरणीत गेले आणि शेताच्या कागदातून बाहेर पडले. हा शेतकरी सत्तरीकडे झुकला असताना सप्टेंबर 1948 मध्ये संस्थान भारतात विलीन झाले, आणि ज्या वहीत त्याचे नाव उर्दूत होते त्या वहीच्या जागी मराठी वही येण्याची प्रक्रिया सुरू झाली. 1956 मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आणि 1960 मध्ये महाराष्ट्रात आला तेव्हा हे स्थित्यंतर पूर्ण झाले. गाव न सोडताही त्या पिढीची सरकारी भाषा, सन आणि राज्य ही तिन्ही बदलली.

मराठवाड्यात हा शोध अलीकडे केवळ घरगुती जिज्ञासेचा राहिलेला नाही. मराठा आरक्षणाच्या मागणीवरील आंदोलनानंतर सप्टेंबर 2023 मध्ये राज्य शासनाने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि निजामकालीन महसुली व इतर अभिलेखांतून कुणबी, म्हणजे इतर मागास वर्गात मोडणाऱ्या शेतकरी जातीच्या, नोंदी शोधण्याचे काम तालुक्यातालुक्यांत सुरू झाले. उर्दू आणि मोडी वाचणाऱ्यांना दीर्घकाळानंतर मागणी आली. पुढे 2 सप्टेंबर 2025 च्या शासन निर्णयाने हैदराबाद गॅझेटियरमधील नोंदी विचारात घेण्याची पद्धत आखून दिली. गॅझेटियर म्हणजे प्रदेशाची माहिती संकलित करणारा सरकारी ग्रंथ. त्यात कोणत्या समाजाचे किती लोक होते याचे आकडे असतात, व्यक्तींची नावे नसतात. म्हणून याच निर्णयाने गावपातळीवरील समितीकडून चौकशीची सोय केली, आणि ज्यांच्याकडे जमिनीच्या मालकीचा पुरावा नाही अशा भूमिहीन, शेतमजूर किंवा बटईने शेती करणाऱ्यांना 13 ऑक्टोबर 1967 पूर्वी त्यांचे पूर्वज त्या भागात राहत होते अशा प्रतिज्ञापत्राची वाट ठेवली. ही तारीख राज्यातील इतर मागास वर्गासाठी पुराव्याची सीमारेषा मानली जाते. अनुसूचित जातींसाठी ती 10 ऑगस्ट 1950 आहे. या निर्णयांच्या राजकीय योग्यायोग्यतेची चर्चा स्वतंत्रच करावी लागेल. येथे एवढे नोंदवणे पुरेसे आहे की त्यामुळे असंख्य घरांत पणजोबांच्या वडिलांचे नाव काय, हा प्रश्न प्रथमच विचारला गेला. खेदाची गोष्ट अशी की दाखल्यापुरता एक शब्द सापडताच बहुतेक कागद पुन्हा मिटले जातात. त्याच ओळीत पुढे लिहिलेले पीक, हिस्सेदार आणि सारा, म्हणजे त्या माणसाचे उरलेले सगळे आयुष्य, वाचायचे राहूनच जाते.

ज्यांच्या नावावर जमीनच नव्हती, त्यांचा माग अधिक बिकट आहे. अर्धापूर तालुक्यातीलच दाभड येथे महाविहार बावरीनगर हे बौद्ध केंद्र उभे आहे. सुत्तनिपात या प्राचीन बौद्ध ग्रंथात गोदावरीकाठी राहणाऱ्या आणि आपल्या सोळा शिष्यांना बुद्धाकडे प्रश्न विचारण्यास पाठवणाऱ्या ज्या बावरीची कथा येते, त्याचे नाव या परिसराला दिलेले आहे, आणि दरवर्षी येथे भरणाऱ्या धम्म परिषदेला दूरदूरच्या गावांतून लोक येतात. 1956 च्या धर्मांतरानंतर बौद्ध झालेल्या या बहुतांशी भूमिहीन दलित कुटुंबांना अडीच हजार वर्षांमागचा आध्यात्मिक पूर्वज सापडला, पण सेतवारात त्यांचे आजोबा क्वचितच भेटतात. त्यांचा कागद दुसरीकडे आहे. मराठवाड्यात भूमिहीनांनी गायरान, म्हणजे गावाच्या चराईची सरकारी जमीन, कसायला घेतली तेव्हा महसूल खात्याने ते अतिक्रमण म्हणून नोंदवले आणि दंड केला. पुढे 1991 मध्ये शासनाने विशिष्ट काळातील अशी अतिक्रमणे नियमित करण्याचे ठरवले, तेव्हा त्याच दंडाच्या पावत्या जमीन कसल्याचा पुरावा ठरल्या. वंशेतिहास लिहिणाऱ्याने या पावत्यांना सेतवाराइतकाच मान दिला पाहिजे, कारण त्यांत माणसाचे नाव, त्याचे पीक आणि त्याने पत्करलेला धोका अशा तिन्ही गोष्टी एकत्र येतात.

स्त्रियांच्या बाबतीत कागद याहून कंजूष आहे. पत्नी असेपर्यंत स्त्री नोंदीत नसते, विधवा झाल्यावर वारस म्हणून येते. आणि मुलीचे नाव बहुधा तेव्हाच उमटते, जेव्हा ती भावांच्या हक्कात आपला हिस्सा सोडते. हक्कसोडपत्र या दस्तात बहिणींची नावे सासरच्या गावासह लिहिली जातात, आणि त्यामुळे ज्या कागदाने त्या जमिनीबाहेर गेल्या तोच त्यांच्या अस्तित्वाचा सर्वांत स्पष्ट पुरावा होतो. धर्मविधींनी या बाबतीत महसुलापेक्षा अधिक उदारपणा दाखवला आहे. पितृपक्षातील महालय श्राद्धात वडील, आजोबा, पणजोबा यांच्याबरोबर आई, आजी, पणजी यांचाही नावाने उच्चार होतो, शिवाय आईच्या माहेरचे पितरही येतात; म्हणून जेथे ही प्रथा टिकली तेथे तीन पिढ्यांतील स्त्रियांची नावे तोंडपाठ असतात. नाशिक आणि त्र्यंबकेश्वर येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत यात्रेकरूंची नावे गाव व आडनावानुसार लावलेली सापडतात. कर्नाटकाला लागून असलेल्या भागात हेळवे हे फिरते वंशावळकार घरोघरी जाऊन कुळाच्या पिढ्या म्हणून दाखवत आले आहेत. आणि जात्यावरच्या ओव्या आहेतच: गी प्वातव्हाँ आणि हेमा राईरकर यांनी विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातून लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, त्यांत बाईने आपले माहेर, भाऊ आणि आई-बाप यांना वारंवार गुंफले आहे.

माहेराचा हा धागा प्रवाशाला अर्धापूरच्या पुढे नेतो. रस्ता वारंगा फाट्यावरून हदगावकडे वळतो आणि पैनगंगा ओलांडून उमरखेडला पोहोचतो. ही नदी आज नांदेड आणि यवतमाळ जिल्ह्यांच्या मध्ये वाहते. 1948 पर्यंत ती दोन राज्यांची सरहद्द होती. पलीकडचा वऱ्हाड 1853 पासून इंग्रजांच्या कारभाराखाली होता आणि तेथील गावदप्तर मराठीत लिहिले जाई. निजामाच्या बाजूने हिंसाचार करणाऱ्या रझाकारांच्या काळात अलीकडची कुटुंबे जीव वाचवण्यासाठी हीच नदी उतरून गेली, आणि निजामाविरुद्ध लढणाऱ्या स्टेट काँग्रेसच्या सरहद्दीवरील केंद्रांत उमरखेडचे नाव येते. सोयरिकी मात्र सरहद्द मानत नव्हत्या. उमरखेडची मुलगी अर्धापूरला आणि अर्धापूरची उमरखेडला नांदत असे. वऱ्हाडातील गावांत कोतवाल बुक, म्हणजे कोतवालाने आणलेल्या जन्ममृत्यूंच्या खबरांची वही, फार पूर्वीपासून ठेवली जाई. तीत बापाचे नाव, जात, तारीख आणि मुलगा की मुलगी एवढे असते, मुलीचे स्वतःचे नाव पुष्कळदा नसते. तरीही निजामकाळातील दप्तरात शोध खुंटलेल्या कुटुंबाने या वह्या पाहिल्या पाहिजेत, आणि त्याचे कारण साधे आहे. पहिले बाळंतपण माहेरी करण्याची रीत असल्यामुळे अर्धापूरच्या थोरल्या मुलाचा जन्म पैनगंगेपलीकडे झालेला असू शकतो. सेतवारात ज्याचे नाव केवळ आकारासमोर उर्दूत लिहिलेले सापडते, त्याच्या जन्माचा दिवस मराठीत त्याच्या आजोळच्या गावी, मामाच्या घराशेजारच्या नोंदींमध्ये मिळण्याची शक्यता आहे, आणि त्यासाठी आधी त्याच्या आईचे माहेर कोणते होते हे घरातल्या वृद्ध स्त्रियांना विचारावे लागते.