मागच्या चाकाचे गाऱ्हाणे

मोटारगाडी या विषयावर आम्ही लेखणी उचलावी, हे आमच्या जुन्या विद्यार्थ्यांस चमत्कारिक वाटेल. आमचे इंग्रजी शिक्षण मॅट्रिकपुढे गेले नाही. पुढील सारी हयात संस्कृत शब्दरूपे घोकण्यात आणि घोकवून घेण्यात गेली. वाहन म्हणून सायकलीपलीकडे आमची मजल कधी गेली नाही. परंतु इंग्लंडात चिरंजीवांकडे चार महिने राहण्याचा योग आला, आणि साठी उलटल्यावर एका मोटारीच्या मागच्या चाकापाशी आम्हांस धडा घ्यावा लागला.

चिरंजीवांजवळ दोन आसनांची, छप्पर मागे दुमडणारी माझ्दा एमएक्स-५ ही मोटार आहे. हा नमुना १९८९ साली प्रथम जगापुढे आला. चिरंजीवांची गाडी १९९५ सालची. सूनबाई तिला थट्टेने ‘सवत’ म्हणतात. त्या देशी मोटार तीन वर्षांची झाली की दरसाल तिची तपासणी करून घ्यावी लागते. यंदा उजव्या मागच्या चाकात खेळ आढळला, आणि गाडी नापास झाली. कारखान्यात सांगितलेली मजुरी ऐकून चिरंजीवांनी काम घरीच करण्याचे ठरविले.

दुखणे आमच्याही कानी आलेच होते. वेग वाढेल तसा मागून घोंघावण्याचा आवाज वाढे; क्लच दाबून इंजिन सोडविले तरी तो थांबत नसे. डावीकडे वळताना गाडीचा भार उजव्या चाकावर पडतो, आणि तेव्हाच आवाज चढे. म्हणजे दोष उजव्या चाकाचा. हे अनुमान ऐकून आम्हांस न्यायशास्त्रातील धूर आणि अग्नी आठवले.

कामाचा क्रम असा. चाक जमिनीवर टेकलेले असतानाच आसाचा मोठा नट सैल करावयाचा. त्याची ठोकून खाचेत बसविलेली कडा आधी सरळ करावी लागते. मग गाडी उचलून भक्कम घोड्यांवर ठेवावयाची. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरणे म्हणजे प्राणाशी खेळ. ब्रेकचा भाग नळीवर लोंबू न देता तारेने बांधावयाचा. त्यापुढील लांब बोल्टाने मात्र आमचा एक संपूर्ण दिवस खाल्ला. तिकडे हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ पसरतात. त्या मिठाने बोल्ट गंजून आतल्या नळीशी एकजीव झाला होता. तेल, उष्णता, हातोडा हे सर्व उपाय झाल्यावर तो हलला. आसदांडा बाहेर आला तेव्हा त्याच्या सांध्यावरील रबरी आवरण फाटून ग्रीस उडून गेलेले दिसले. तेही बदलणे आले.

आमच्याकडे दिवा धरण्याचे काम होते. शेजाऱ्याचे दाबयंत्र आणून चिरंजीवांनी जुने बेअरिंग बाहेर काढले, नवे बसविले, आणि चाकाचा तुंबा त्यात दाबला. बोटांनी फिरवून पाहतात तो तुंबा अडखळू लागला. कोरे बेअरिंग वाया गेले होते.

चिरंजीव खाली मान घालून बसले. आमच्या जिभेवर जुने वाक्य आलेच होते : “घाईचे फळ मिळाले ना?” चाळीस वर्षांची मास्तरकीची सवय ती! पण त्याच्या काळवंडलेल्या बोटांकडे पाहून ते वाक्य आम्ही गिळले आणि म्हणालो, “काय चुकले ते मला समजावून सांगशील का?”

त्याने खडूने फरशीवर दोन वर्तुळे काढली. “अप्पा, बाहेरचे कडे आणि आतले कडे, मध्ये छर्रे. बेअरिंग घरात बसवताना जोर बाहेरच्या कड्यावर द्यायचा. तुंबा घालताना मात्र आतल्या कड्याला खालून आधार द्यायचा. मी आधार बाहेरच्या कड्याला दिला. सगळा दाब छर्‍यांवरून गेला आणि कड्यांना खळगे पडले.”

पोर सांगत होते, मास्तर ऐकत होते. तेव्हा आम्हांस एक जुनी दुपार आठवली. दहा वर्षांच्या या मुलाने आमच्या सायकलीचे मागचे चाक खोलले होते. अंगणभर छर्रे पसरले होते. आम्ही काही न विचारता त्याच्या मुस्काटात दिली आणि “गवंडीकाम कर पुढे,” असे बोललो. आज पंचवीस वर्षांनी विचारले, “तेव्हा सायकल का रे खोललीस?”

तो सहज म्हणाला, “चाक कुरकुरत होतं. शाळेचा चढ चढताना तुम्हांला धाप लागायची. ग्रीस भरायचं होतं.”

आम्ही दिवा दुसऱ्या हातात घेतला. बोलण्यासारखे काही उरले नव्हते.

दुसरे बेअरिंग दोन दिवसांनी आले. या खेपेस आतल्या कड्याखाली योग्य मापाची नळी ठेवून तुंबा दाबला. तो लोण्यात फिरावा तसा फिरला. चाक जमिनीवर टेकवून नट आवळला. त्याचे माप २१६ ते २९४ न्यूटन-मीटर. मापाच्या पान्याने ‘टक्’ असा शब्द केला तेव्हा दांडा आमच्या हाती होता. फेरतपासणीत गाडी उत्तीर्ण झाली.

त्या रात्री आमचा आवडता शब्द आम्ही चिरंजीवांस सांगितला. ‘ख’ म्हणजे छिद्र. ज्या रथाच्या चाकाचे आसाचे छिद्र चांगले, तो ‘सु-ख’, अशी त्या शब्दाची एक व्युत्पत्ती कोशात दिली आहे, आणि ऋग्वेदात हा शब्द रथाचे विशेषण म्हणून येतो. वर्गात ही व्युत्पत्ती आम्ही कितीदा सांगितली असेल! तिचा अर्थ मात्र फाटक्या गोणपाटावर बसून कळला. घरातही तसेच आहे. जोर द्यावाच लागतो. पण तो कोणत्या कड्यावर द्यावयाचा हे न पाहता दिला, तर मधले कोवळे छर्रे दुखावतात, आणि ती घरघर वर्षानुवर्षे ऐकू येते.

असो. आमची जुनी सायकल अजून ओसरीवर आहे, आणि तिचे चाक अजून कुरकुरते. परत आल्यावर आम्ही ग्रीसचा एक डबा आणून ठेविला आहे. चिरंजीव दिवाळीस येणार आहेत.