जिभेवरचा विखार



चाळीस वर्षे कीर्तन केले. आता उभे राहवत नाही. पण मनाला टोचणारी एक गोष्ट तुमच्यापुढे मांडतो.

२२ एप्रिल २०२५ रोजी पहलगामच्या बैसरन पठारावर धर्म विचारून माणसे मारली गेली. सव्वीस जीव गेले, त्यांत सहा महाराष्ट्राचे. चार दिवसांनी गावच्या सप्ताहात मला दोन शब्द बोलायला सांगितले. क्रोध अनावर झाला आणि नारदाच्या गादीवरून मी अख्ख्या समाजाला शिव्याशाप दिले. टाळ्या पडल्या. दरवर्षी दिंडीला पाणी पाजणारा आमचा मुसलमान शेजारी मंडपाच्या कडेला बसला होता. तो मान खाली घालून उठून गेला.

मग वाचनात आले, त्या सव्वीसांत एक मुसलमान घोडेवाला होता. पर्यटकांना वाचवताना गेला. लग्नाला सहाच दिवस झाले असताना पती गमावलेल्या मुलीने, १ मे रोजी, त्याच्या जन्मदिनी, कर्नालच्या रक्तदान शिबिरात विनवले: न्याय हवाच, पण मुसलमानांवर, काश्मिरींवर राग काढू नका. जिचे कुंकू पुसले गेले, तिने जीभ आवरली. माझे काय गेले होते?

शेजाऱ्याच्या दारी गेलो, पाया पडायला वाकलो. त्याने मला वरच धरले, म्हणाला, "महाराज, पाणी घ्या."

माउली, अपराध्याला शासन व्हावे. ते राज्याचे काम. आपण वारीत एकमेकांच्या पाया पडतो, तेव्हा समोरच्याची जात विचारत नाही. ते वाखरीच्या तळावर जमते, तसे आपल्या आळीतही जमले पाहिजे.