शेवाळ, वीज आणि पाण्याचा हिशोब

"शेवाळापासून डिझेल" ही बातमी दर चार-पाच वर्षांनी कुठेतरी डोकं वर काढते. वाचायला झकास असते. सुपीक जमीन लागत नाही, खाऱ्या पाण्यातही पीक येतं, काही जातींत भरपूर तेल असतं. मग गाडं अडतं कुठे?

अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने १९७८ ते १९९६ अशी १८ वर्षं यावर संशोधन केलं आणि मग प्रकल्प गुंडाळला. २००९ मध्ये एक्सॉनमोबिलने या विषयासाठी ६० कोटी डॉलरपर्यंत खर्चाची घोषणा केली आणि २०२३ मध्ये हात काढून घेतला. कारणं अनेक आहेत, पण त्यातलं एक इतकं साधं आहे की बातम्यांत ते येतच नाही. ते म्हणजे पाणी.

उघड्या तळ्यात वाढवलेल्या सूक्ष्म शेवाळाचं प्रमाण लिटरमागे साधारण अर्धा ग्रॅम असतं. म्हणजे एक किलो सुकं शेवाळ हवं असेल तर २००० लिटर पाणी बाजूला काढायचं. गच्चीवरच्या हजार लिटरच्या दोन भरलेल्या टाक्या, आणि हातात काय, तर एक किलो हिरवी पूड!

मग उकळून टाकू की पाणी? चला, आकडेमोड करू. अर्धा ग्रॅम सुक्या शेवाळात साधारण १० किलोज्यूल ऊर्जा असते. ते ज्यात तरंगतंय ते लिटरभर पाणी २५ अंशांपासून तापवून वाफ करायला लागतात सुमारे २५७० किलोज्यूल. मिळकतीच्या २५० पट खर्च. हा धंदा नाही, दिवाळं आहे.

बरं, गाळून घेऊ? स्पिरुलिनाचं जमतं, कारण तिचे लांब मळसूत्री धागे असतात, ते कापडावर अडतात. आफ्रिकेत चाड सरोवराकाठच्या कानेम्बू बायका पिढ्यान् पिढ्या ती गोळा करून वाळूवर, उन्हात वाळवत आल्यात. पण क्लोरेलासारख्या गोल पेशी काही मायक्रॉनच्या. बारीक गाळणीची छिद्रं लगेच बुजतात. तळाशी बसाव्यात, तर त्यांची घनता जवळपास पाण्याइतकीच. शिवाय प्रत्येक पेशीवर ऋण विद्युतभार असतो, त्यामुळे त्या एकमेकींना दूर ढकलत राहतात.

इथे वीज कामाला येते, आणि तिचं पहिलं काम आपल्या ओळखीचं आहे. पावसाळ्यात गढूळ पाण्यात तुरटी फिरवली की गाळ खाली बसतो, आठवतंय? तुरटीतलं अ‍ॅल्युमिनियम मातीच्या कणांवरचा ऋणभार मारतं आणि कण एकत्र येतात. शेवाळाच्या पाण्यात अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्या बुडवून डीसी करंट सोडला की तेच होतं. धन पट्टी हळूहळू विरघळते. एक अँपिअर तासभर दिला तर साधारण एक तृतीयांश ग्रॅम. पेशींचे पुंजके होतात आणि ऋण पट्टीवरचे हायड्रोजनचे बुडबुडे त्यांना वर उचलतात. मग दुधावरची साय काढावी तसं वरून काढून घ्यायचं. फुकट मात्र नाही. पट्ट्या बदलाव्या लागतात आणि धातू शेवाळात उतरतो. जे खायचंय त्यात तो चालणार नाही.

दुसरं काम जास्त मजेचं. हिरवा लगदा दाबून दाबूनही त्यात पाणी उरतंच. तो दोन इलेक्ट्रोडच्या मध्ये दाबून डीसी व्होल्टेज दिलं की पेशींना चिकटलेल्या पाण्यातले धन आयन ऋण टोकाकडे निघतात आणि जाताना पाण्यालाही ओढून नेतात. हा परिणाम रॉइस याने मॉस्कोत मातीवर प्रयोग करून १८०९ मध्ये नोंदवला होता. खरी गंमत अशी की पाणी द्रवरूपातच बाहेर पडतं. वाफच करायची नाही, म्हणजे वाफेचा सगळा खर्च वाचला.

तो खर्च किती? २० टक्के घन असलेल्या लगद्यात एक किलो शेवाळामागे ४ किलो पाणी असतं. ते उडवायला सुमारे १० मेगाज्यूल लागतात आणि शेवाळात असतात साधारण २०. निम्मी कमाई वाळवण्यातच गेली. पाणी निम्मं आधीच काढता आलं तर हिशोब खूपच बदलतो.

मग प्रश्न सुटला का? पूर्ण नाही. धन टोकाजवळचा थर आधी सुकतो, त्याचा रोध वाढतो आणि वीज पाणी हलवण्याऐवजी उष्णतेत जाते. समुद्री शेवाळ असेल तर आणखी पंचाईत, कारण करंट खाऱ्या पाण्यातले आयनच वाहून नेतात, पाणी ओढलं जात नाही. शिवाय कोळशावरच्या केंद्रात जळणातली जेमतेम एक तृतीयांश ऊर्जा वीज बनते. म्हणजे विजेचं एक युनिट वापरलं की मागे जळणाची साधारण तीन युनिटं जळालेली असतात.

म्हणून माझं मत असं: ही युक्ती खरी आहे, पण आधी तिथे वापरावी जिथे मालाला भाव आहे किंवा पाणी तसंही साफ करायचंच आहे. रंगद्रव्यं, ओमेगा-३, सांडपाणी. इंधनात प्रत्येक किलोज्यूल मोजावा लागतो, आणि तिथे ती एकटी पुरणार नाही. आपल्या धंद्यात डेमो आणि प्रॉडक्शनमध्ये जे अंतर असतं, तेच काचेचं भांडं आणि एकरभर तळं यांच्यात आहे.

तेव्हा पुढची "शेवाळापासून डिझेल" बातमी आली की तेलाचा टक्का नंतर बघा. आधी विचारा, पाणी कसं काढलं, आणि त्याचं बिल कोणी भरलं?