उजनीच्या पाण्यावर, सूर्यासमोर

काटेवाडीहून अंधारातच निघालो. भिगवणजवळ कुंभारगावच्या काठाला पोहोचलो, तेव्हा तांबडं फुटत होतं. १९८० साली उजनी धरण पुरं झालं आणि भीमेकाठची कितीतरी रानं पाण्याखाली गेली. "ह्याच्या खाली आमचं रान हाय," वल्हं मारता मारता नावाडीमामा म्हणाले.

एरवी समुद्रकाठी दिसणारे कुरव पक्षी हिवाळ्यात इथंही येतात. तपकिरी डोक्याचा कुरव तर लडाख-तिबेटातल्या तळ्यांकडून येतो. उगवता सूर्य समोर ठेवून त्याचा उडतानाचा फोटो घ्यायचा होता. पहिले सगळे काळेठिक्कर आले. समोरच्या उजेडानं कॅमेरा फसतो. मग प्रकाश थोडा वाढवला, शटरचा वेग सेकंदाच्या हजाराव्या भागावर आणला आणि भिंगावर हाताची सावली धरली.

"मामा, होडी थव्यात घाला, म्हणजे उडतील."

"लांबून आलेलं पाव्हणं, उठवायचं कशाला? त्यांच्या मनानं उडतील की."

वल्हं थांबलं. बऱ्याच वेळानं एक कुरव उठला. उन्हानं त्याचे पंख आरपार उजळले, पीस न् पीस दिसलं. तेवढा एकच फोटो साधला. आज तो पाहताना पंखांखालचं पाणी दिसतं आणि मामांचं रान आठवतं.