दगडांचे बेट

मुलांनो, भूमध्य समुद्रातील माल्टा बेटावर गेलात, तर तुम्हांला फारसे परके वाटणार नाही. तिथली भाषा अरबीतून निघालेली आहे. पुस्तकाला 'क्तीब' म्हणतात, आणि जुन्या राजधानीचे नाव 'इम्दीना', म्हणजे शहर! लिपी मात्र रोमन.

हजर इम येथील दगडी मंदिरे पाच हजार वर्षांहून जुनी, इजिप्तच्या पिरॅमिडांच्याही आधीची. पाऊस-वाऱ्याने चुनखडी झिजते, म्हणून २००९ साली त्यांवर मोठे छत्र उभारले. देखावा थोडा बिघडतो, पण मला ते छत्र आवडले.

शेजारच्या गोझो बेटावर समुद्रात दगडाची नैसर्गिक कमान होती. ८ मार्च २०१७ रोजी ती वादळात कोसळली. तिला छत्र कोण घालणार? मी गेलो तेव्हा वाटाड्या रिकाम्या पाण्याकडे बोट दाखवून तिची उंची सांगत होता.